कागदाला इजा नको

सकपाळ अण्णांसमोर कुणीही पाकीट फाडायचं नाही, असा माझ्या प्रेसमध्ये नियम आहे. हा नियम मी केलेला नाही. तो अण्णांनी केला आणि पहिल्याच भेटीत माझ्यावर लादला.

महाडच्या बाजारपेठेत माझी छपाईची छोटी प्रेस आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, वास्तुशांतीची आमंत्रणं असलं किरकोळ काम. एका सकाळी कुरिअरनं आलेलं एक पाकीट मी नेहमीसारखं बोट घालून फाडायला घेतलं. तेवढ्यात दारातून एक उंच, किंचित वाकलेला माणूस "अहो! अहो!" करत असा आत धावला की मला वाटलं टेबलाखाली साप निघाला. त्यानं माझं मनगट धरलं आणि म्हणाला, "कागदाला इजा नको."

मग त्यानं शर्टाच्या खिशातून बांबूची एक पातळ, गुळगुळीत कामटी काढली, पाकिटाच्या कडेखालून हळूहळू फिरवली आणि पाकीट जसंच्या तसं उघडून माझ्या हातात ठेवलं. आत कसली तरी जाहिरात होती. ती मी न वाचताच चुरगाळून टोपलीत टाकली. त्याला त्या माणसाची काहीही हरकत नव्हती. आतला मजकूर कचऱ्यात गेला तरी चालेल, पाकीट शाबूत राहिलं पाहिजे, असा एकूण हिशोब दिसला.

अण्णांचं नाव गंगाराम सकपाळ. पोलादपूरच्या बाजूला, डोंगराच्या पोटाला त्यांची वाडी आहे. महाडात एका सरकारी कचेरीत ते शिपाई म्हणून लागले आणि बारनिशीचे कारकून म्हणून निवृत्त झाले. बारनिशी म्हणजे आलेलं टपाल फोडायचं, जाणारं टपाल बंद करायचं, आणि दोन्हीची नोंदवहीत नोंद करायची. निवृत्त झाल्यावर अण्णा कचेरी विसरले, साहेब विसरले, पण पाकिटं काही त्यांच्या डोक्यातून गेली नाहीत.

"आख्खा जन्म पाकिटं फोडली शेठ," ते म्हणायचे, "एक सरळ उघडलं नाय. बनवणाऱ्यानं बंद करायचा तेवढा विचार केला. उघडणारा पण माणूस हाय, हे कुणाच्या ध्यानातच नाय."

मला ते शेठ म्हणतात. माझ्या प्रेसमध्ये एक मशीन, एक कटर आणि आवाज करणारा एक पंखा आहे. शेठ म्हणावं असं त्यात मला तरी काही सापडलेलं नाही, पण मी त्यांना कधी अडवलंही नाही.

अण्णांच्या मते जगात पाकिटांच्या दोन जाती. एक, जी नीट बंदच होत नाही. दुसरी, जी नीट उघडतच नाही. लग्नपत्रिकेचं पाकीट पहिल्या जातीचं. "त्याला डिंक कशाला? आत काय लिवलंय ते सगळ्या गावाला आधीच ठावं असतं." सरकारी पाकीट दुसऱ्या जातीचं. अण्णांना तिसरी जात काढायची होती. बंद केलं की बंद राहील, आणि ज्याच्या नावानं आहे त्याच्या एका हातानं अलगद उघडेल असं पाकीट.

"एका हातानं का?" मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा ते म्हणाले, "दुसरा हात कामात असू शकतो." आणि माझ्या कटरपाशी पडलेले कागदाचे तुकडे गोळा करायला लागले.

त्यानंतर दर मंगळवारी आणि शुक्रवारी ते एस.टी.नं महाडला यायला लागले. सकाळी यायचे, माझ्या स्टुलावर बसायचे, कापाकापी करायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायचे. सुरुवातीला मी वैतागलो. माझी कात्री जागेवर नसायची, खळीच्या डब्यात त्यांचा ब्रश असायचा, आणि गिऱ्हाईकाला पत्रिकेचा नमुना दाखवत असलो की मधेच, "ह्याचं तोंड फार अरुंद हाय," असा अभिप्राय यायचा. दोन गिऱ्हाइकं त्यामुळे गेली. पण एका शुक्रवारी चहा पिता पिता त्यांनी मला खरी गोष्ट सांगितली, आणि मग माझ्यानं त्यांना उठवलं जाईना.

अडीच वर्षांपूर्वी त्यांच्या बायकोला, यशोदावहिनींना, अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. मुलगा मुंबईकडे दिव्याला राहतो, डॉक्टर तिकडे, म्हणून त्यांना तिकडे नेलं. सून सुषमा त्यांचं सगळं करते. परत वाडीवर आणायची सोय नाही.

"रस्त्यापासनं अर्धा तास चढ हाय," अण्णा म्हणाले. "खुर्चीत बसवून न्यायची तरी चार माणसं लागतील. वाडीत माणसं तीन, त्यातला एक मी."

ते स्वतः तीन महिने दिव्याला राहून आले होते. एक खोली आणि स्वयंपाकघर. "मी घरात असलो की सुषमाला सासूचं लुगडं बदलायची पंचाईत. दिवसातनं चार वेळा मी जिन्यात जाऊन उभा राहायचो. शेजारचे विचारायला लागले, काका, कुणाची वाट बघताय?" मग ते परत आले.

फोनचा उपयोग नव्हता, कारण वहिनींना बोलता येत नाही. एकदा माझ्या फोनवरून आम्ही व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर मुलगा, सून, दोन नातवंडं आणि शेजारची एक बाई असे सगळे एकदम दिसले. मागे खुर्चीत वहिनी होत्या. अण्णांना बघितल्याबरोबर त्यांनी वाकड्या झालेल्या तोंडावर पदर ओढला. अण्णा त्या पदराकडे बघत मोठ्यानं म्हणाले, "जेवलीस का?" पदर हलला. त्यावर पुढे काय बोलायचं ते अण्णांना सुचेना, आणि सुचलं असतं तरी त्या पाच जणांसमोर बोलता आलं नसतं. पुन्हा कधी त्यांनी कॉल लावायला सांगितलं नाही.

"मग पत्र लिहा की," मी म्हणालो. "वहिनींना वाचता येतं ना?"

"येतं की. चौथी शिकलीय. पण एका हातानं पाकीट कसं फोडणार ती? सूनबाई फोडणार, सूनबाई वाचून दाखवणार. गुणाची पोर हाय, तिच्याबद्दल एक वाकडा शब्द नाय. पण शेठ, सुनेच्या तोंडून नवऱ्यानं बायकोला काय सांगायचं?"

माझी बायको प्रेसच्या वरच्याच मजल्यावर असते, आणि आजवर मी तिला लिहिलेला मजकूर म्हणजे दाराच्या कडीला अडकवलेल्या तीन चिठ्ठ्या. तिन्ही दुधाविषयी होत्या.

तर वहिनींच्या डाव्या हातानं उघडणारं पाकीट हवं होतं. ते जमलं की मग अण्णा मनातलं लिहिणार होते. तोपर्यंत जी पत्रं जायची ती सुनेनं मोठ्यानं वाचली तरी चालतील अशी. ती ते माझ्या टेबलावर बसून लिहायचे आणि मला वाचून दाखवायचे, त्यामुळे नमुन्यादाखल एक इथे देऊ शकतो.

"जा. क्र. ११. सौ. यशोदा गंगाराम सकपाळ यांसी. विषय : पावसाबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, पाऊस बरा आहे. लावणी आटोपली. तब्येतीस जपावे. कळावे."

"अण्णा, बायकोच्या पत्राला जावक क्रमांक?"

"नोंद असावी. गहाळ झालं तर शोधता येतं."

पुढच्या पत्राचा विषय "म्हशीबाबत" होता. त्याच्या पुढच्याचा "पावसाबाबत (पुढे चालू)".

प्रत्येक पत्राबरोबर नवीन पाकीट जायचं, आणि त्याचा निकाल माझ्या फोनवर यायचा. अण्णांचा फोन बटणांचा. म्हणून त्यांनी सुषमाला सांगून ठेवलं होतं की पाकीट उघडल्यावर त्याचा फोटो काढून शेठच्या नंबरवर पाठव. ती बिचारी न चुकता पाठवायची. आणि प्रत्येक फोटोत पाकिटाचा वरचा कोपरा फाटून गेलेला असायचा. अण्णा चष्मा कपाळावर चढवून फोन नाकापाशी नेत, बराच वेळ बघत, आणि म्हणत, "नापास. तिला जमलं नाय. सूनबाईनं फाडलं."

"अण्णा, सुषमाला सरळ विचारा ना, कोण उघडतं ते."

"आणि ती म्हणाली, का विचारताय बाबा, तर काय सांगू?" ते कानापर्यंत लाल झाले. "तुम्हीपण विचारायचं नाय. शप्पथ हाय तुम्हाला."

अशा रीतीनं कुणालाही काहीही न विचारता संशोधन पुढे चालू राहिलं.

एका पाकिटाची प्रेरणा पानाच्या विड्यावरून आली होती. कागदाची त्रिकोणी घडी आणि तिला वरून एक लवंग टोचलेली. लवंग काढली की घडी आपोआप उलगडते, आणि लवंग काढायला दोन बोटं पुरतात. कल्पना वाईट नव्हती. टपाल कचेरीतल्या बाईंनी ते हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि विचारलं, "काका, हे टपालात टाकायचंय की तोंडात?" मग त्यावर शिक्का बसला आणि लवंगेचा चुरा झाला.

नंतर खताच्या पोत्याची शिलाई आली. शेती करणाऱ्या कुणालाही ती ठाऊक असते. दोऱ्याचं बरोबर टोक ओढलं तर पोतं सर्रकन उसवतं, चुकीचं टोक ओढलं तर गाठ बसते आणि माणूस कोयता शोधायला जातो. अण्णांनी तशी शिलाई पाकिटाला घातली, बरोबर टोकाला लाल रंग लावला. फोटो आला, कोपरा फाटलेला, लाल टोक जसंच्या तसं. त्यावर त्यांनी दोन दिवस विचार केला आणि शोध लावला की आपण स्वतः उजव्या हातानं काम करतो, डाव्या हाताचं दुःख आपल्याला कळणारच नाही.

मग महिनाभर ते उजवा हात शर्टाच्या आत, पोटाशी बांधून हिंडले. फक्त जेवताना सोडायचे. एस.टी.त लोक उठून जागा द्यायला लागले. अण्णांचा हात मोडला अशी बातमी नाते गावापर्यंत गेली, आणि तिथले त्यांचे एक जुने सहकारी शहाळी घेऊन, धापा टाकत वाडी चढून आले. नेमकी जेवायची वेळ होती, हात सोडलेला. अण्णांनी दार उघडलं ते उजव्या हातानं. पाहुणे रागावून तसेच उतरायला निघाले होते, पण घरी कुणीतरी आलं याचाच अण्णांना एवढा आनंद झाला की त्यांनी त्यांना दोन दिवस सोडलं नाही.

मला हे ऐकून हसू आलं, आणि मग हसू जरा अडखळलं. अण्णांच्या वाडीत चौदा घरं आहेत, अकरांना कुलूप. ती गणपतीला आणि शिमग्याला उघडतात, चार दिवस गजबजतात आणि पुन्हा बंद होतात. उरलेल्या दोन माणसांपैकी एकाला अजिबात ऐकू येत नाही, आणि दुसरी, अण्णांची चुलत भावजय, बांधावरच्या कुठल्या तरी जुन्या भांडणापासून त्यांच्याशी बोलत नाही. म्हणजे मंगळवारी माझ्याकडून गेलेला हा माणूस शुक्रवारी माझ्या दारात येईपर्यंत म्हशीखेरीज कुणाशी एक शब्द बोललेला नसायचा. मंगळवारी आणि शुक्रवारी ते बोलायचे का थांबत नसत ते मला तेव्हा कळलं. कधी कधी बोलता बोलता घसा बसायचा, इतकं साचलेलं असायचं.

उन्हाळ्यात फणसाचा चीक आला. डिंक वाळतो, चीक वाळत नाही, तेव्हा कितीही वेळा चिकटवा आणि कितीही वेळा उघडा, असं अण्णांचं म्हणणं. चार दिवस माझं टेबल, माझी कात्री आणि माझ्या कोपराचे केस त्या चिकात होते. पाकीट गेलं. निकाल आला तर फोटोत दोन पाकिटं होती. एक अण्णांचं, आणि त्याला घट्ट चिकटून दिव्यातल्याच कुणा अनोळखी कुटुंबाच्या साखरपुड्याचं आमंत्रण. खाली सुषमानं लिहिलं होतं, "बाबा, यांच्याकडे आपल्याला जायचं आहे का?"

पावसाळ्यात मात्र अण्णांचा दिवस आला. आमच्याकडे जुलैत हवाच एवढी ओली असते की डिंक लावलेली पाकिटं कुणी न लावताच लागतात. त्या वर्षी माझ्या फळीवरची दोनशे कोरी पाकिटं आपली आपण बंद झाली. आत काहीही नसताना. मी कपाळाला हात लावून बसलो होतो. अण्णा एकेक पाकीट उचलून हलवून बघत होते.

"बघा शेठ," ते म्हणाले, "बंद व्हायला काय लागत नाय."

मला वाटलं होतं की ते खूश होतील. पण त्या दिवशी ते लवकरच्या गाडीनं गेले.

दिवाळीनंतर लग्नसराईचे नवे नमुने आणायला मला मुंबईला जायचं होतं. अण्णांना कळलं तेव्हा त्यांचं तेविसावं पाकीट तयार झालं होतं. खरं सांगतो, ते उत्तम होतं. झाकणाखाली सुती फितीचा एक छोटा फासा. अंगठ्यानं पाकीट दाबून धरायचं, एक बोट फाशात घालायचं, की झाकण करंडीसारखं वर येई. परत खोचलं की घट्ट. अण्णांनी माझा उजवा हात पाठीमागे धरायला लावून डाव्या हातानं आठ वेळा ते माझ्याकडून उघडून घेतलं. नवव्या वेळी मी नकार दिला.

"तुम्हीच हातात द्या तिच्या," ते म्हणाले. "फासा दाखवा. मंग बाजूला व्हा आणि कोण उघडतं ते नुसतं बघा. विचारायचं काय नाय."

आत पत्र होतंच. विषय : घराची कौले बदलण्याबाबत.

वीर स्टेशनवर गाडी पकडून मी दिव्याला उतरलो. तिसऱ्या मजल्यावरची खोली स्वच्छ होती. मुलगा कामावर, नातवंडं शाळेत. सुषमानं पाणी दिलं, चहा टाकला. वहिनी खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या. केस नीट विंचरलेले, उजवा हात मांडीवर ठेवलेला. मी पिशवीतून पाकीट काढलं मात्र, त्यांचा डावा हात असा पुढे आला की पाठ केलेलं सगळं मी विसरलो.

"वहिनी, हा फासा..." एवढंच मी म्हणू शकलो.

त्यांनी फाशाकडे पाहिलंसुद्धा नाही. पाकिटाचा वरचा कोपरा डाव्या बाजूच्या दातांत धरला, मानेला एक झटका दिला, आणि फाटलेला तुकडा तोंडातून बाजूला टाकला. एका हातानं कागद ओढला, झटकून उलगडला, मांडीवर पसरला आणि ओळीखाली बोट धरून वाचायला लागल्या. हे सगळं मला चहाचा कप उचलायला लागला त्याहून कमी वेळात झालं.

सुषमा हसली. "नेहमी असंच असतं काका त्यांचं. धीरच नाय. मी एकदा कात्री घेऊन गेले तर माझा हात धरला त्यांनी. पत्राला कुणाला हात लावू देत नायत. मुलांना पण नाय."

"पहिल्यापासून?"

"पहिल्या पत्रापासून. सगळी गादीखाली हायत. चादर बदलताना काढते न् परत तशीच ठेवते. वाचत नाय हां मी, बाबांची पत्रं हायत ती." मग आवाज बारीक करून तिनं विचारलं, "बाबांना पाकिटं जमवायचा नाद लागलाय का हो? फोटो मागतात म्हणून विचारते. एकटे असतात, टेन्शन येतं."

"हो," मी म्हणालो. "नाद आहे."

वहिनींचं वाचून झालं होतं. कौलांबाबत चार ओळी, त्याला असा किती वेळ लागणार. त्यांनी कागद उलटा केला आणि मागची बाजू बघितली. ती कोरी होती. तरी त्यांनी ती वरपासून खालपर्यंत बघितली. मग कागदाची एका हातानं घडी घातली.

"दर वेळी मागे बघतात," सुषमा म्हणाली.

परतीच्या गाडीत मला अण्णांचा राग आला. त्यांचा, माझा, त्या गुणी सुषमाचा, सगळ्यांचाच. चार वर्षं. एका प्रश्नाचं काम. सासऱ्यानं सुनेची अदब राखली, सुनेनं सासऱ्याची, मी माझ्या शपथेची, आणि तिकडे एक बाई दर पत्राची कोरी बाजू तपासत बसली. हे सगळं सांगायचं कसं, हे मात्र वीर येईपर्यंत मला सुचलं नाही.

मंगळवारी अण्णा नेहमीपेक्षा आधीच्या गाडीनं आले. बसलेसुद्धा नाहीत.

"पास का नापास?"

"नापास."

त्यांचा हात टेबलाच्या कडेवर टेकला. "फासा सुटला का? का सूनबाईनं..."

"अण्णा, बसा."

मी मशीन बंद केलं आणि जे पाहिलं ते सगळं सांगितलं. दात, मानेचा झटका, गादीखालची पत्रं, कात्री, सगळं. मागच्या बाजूचं सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण तेही सांगितलं. अण्णा चष्मा काढून हातात धरून ऐकत होते.

"तिनंच?" ते म्हणाले. "पहिल्यापासनं?"

"पहिल्यापासून."

"आणि आत मी काय लिवलं? पाऊस." ते भिंतीवरच्या लग्नपत्रिकांच्या नमुन्यांकडे बघत राहिले. "म्हैस. कौलं. तिला जमणार नाय, हे माझं मीच ठरवलं शेठ. अर्ध्या अंगानं ती अजून माझ्यापेक्षा पुढं हाय."

त्यांनी नाक पुसलं, चष्मा लावला आणि विचारलं, "कुठल्या बाजूच्या दातानं?"

"डाव्या."

"तिथं कागद दुहेरी असतो. ओठाला लागत असंल तिच्या." ते उठले, माझ्या फळीवरचे कागद बोटांनी चाचपून बघायला लागले आणि सगळ्यात पातळ कागद निवडला. त्याचं साधं, चौकोनी पाकीट केलं. एका कोपऱ्यात घडी ठेवली नाही, एकेरी कागद ठेवला. तो कोपरा त्यांनी स्वतःच्या ओठांवरून दोनदा फिरवून पाहिला. मग म्हणाले, "लिवायला एक कागद द्या. आणि शेठ, तुम्ही जरा भायेर बसाल का? कुणी असलं की व्हायचं नाय."

म्हणून भर बाजाराच्या वेळेला मी माझ्याच प्रेसच्या पायरीवर जाऊन बसलो. आतून दार लोटून घेतल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं दासगावचे एक गृहस्थ मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेचा कच्चा नमुना तपासायला आले. त्यांना मी शेजारी बसवलं. आत काम चाललंय, म्हणालो. आम्ही दोघं रस्त्याकडे बघत बसलो. अर्धा-पाऊण तास गेला.

दार वीतभर उघडलं. अण्णांचा चेहरा दिसला नाही, नुसता आवाज आला.

"शेठ, कागद संपला."

"मागच्या फळीवर गठ्ठा आहे. हवे तेवढे घ्या."

"बरं," अण्णा म्हणाले, आणि दार परत लागलं.

दासगावकरांनी घड्याळात पाहिलं. "अजून किती वेळ लागंल हो त्यांना?"

"चार वर्षांचं राहिलंय," मी म्हणालो. "तुम्ही जेवून या."